तुळस वाळवायची खोली आणि नागपूरचे तीन ऋतू

तुळशीच्या ताज्या पाल्यात वजनाच्या साधारण ८० टक्के पाणीच असतं. शेतातून ४० किलो पाला आणला तर वाळून हातात नऊ किलोच्या आसपास येतो. बाकीचं ३१ लिटर पाणी पानांतून निघून कुठेतरी जायला हवं. खोली बांधायच्या आधी हा हिशेब मी कागदावर मांडला होता आणि अजूनही प्रत्येक कापणीच्या आदल्या दिवशी मांडते. खोलीत किती पाला घ्यायचा, कोणतं यंत्र किती वेळ चालवायचं, हे सगळं त्यावरच ठरतं.

माझ्या मामांची शेती कळमेश्वर तालुक्यात. संत्र्याची बाग आहे आणि तिच्या बाजूच्या तुकड्यात काही वर्षांपासून तुळस लावतात. मी फार्मसी शिकलेली, त्यामुळे पाला वाळवून विकायचं काम माझ्याकडे आलं. आधी तो घराच्या गच्चीवर, शेडनेटखाली वाळायचा. इतवारीतल्या किराणा ओळीत जडीबुटीचे जुने व्यापारी आहेत. त्यांना माल दाखवायला नेला की ते मूठभर पान हातात चुरतात, नाकाशी नेतात आणि भाव सांगतात. पान काळं पडलेलं असेल किंवा वास उतरलेला असेल तर तो भाव ऐकवत नाही. गच्चीवरच्या मालाचं काय होणार हे त्या आठवड्यातल्या हवेच्या हाती होतं. ते आपल्या हाती यावं म्हणून काटोल रोडवरच्या घरामागे ही खोली उभी केली.

मामांना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. "पोरी, मे महिन्यात आपल्याकडे पापड तासाभरात वाळते, तुले एसी कायले पाहिजे?" त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर द्यायला मला आधी नागपूरची हवा नीट समजून घ्यावी लागली.

मे महिन्यात दुपारी ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. त्या वेळी एक घनमीटर हवेत साधारण १० ग्रॅम पाणी असतं. ऑगस्टमध्ये २८ अंश आणि ८५ टक्के असताना तेवढ्याच हवेत २३ ग्रॅम. म्हणजे पावसाळ्यातली हवा अंगाला गार लागते, पण तिच्या पोटात दुपटीहून जास्त पाणी असतं. आर्द्रतेचा टक्का हा त्या त्या तापमानाला हवा किती पाणी धरू शकते याच्या तुलनेत मोजतात. त्यामुळे नुसता टक्का वाचून काहीच कळत नाही, सोबत तापमान लागतंच. मेमधली तीच ४५ अंशांची हवा बंद खोलीत ३० अंशांपर्यंत थंड केली, की पाण्याचा एक थेंबही न घालता आर्द्रता ३४ टक्क्यांच्या जवळ येते. पाला वाळवायला ही हवा फार चांगली. ऑगस्टच्या हवेतून मात्र निम्मं पाणी काढून टाकल्याशिवाय ती कामाची होत नाही. खोली एकच, पण उन्हाळ्यात तिला थंड करायचं असतं आणि पावसाळ्यात पाणी ओढायचं असतं.

मग मेमध्ये उघड्यावर काय बिघडतं? तुळशीचा वास पानावरच्या बारीक तैलग्रंथींमध्ये असतो. त्या तेलात युजेनॉल मुख्य, सोबत लिनालूल, कॅरियोफायलीन असे बरेच उडून जाणारे घटक. गरम वारा पानातलं पाणी नेतो तेव्हा सोबत हेही नेतो. वर ऊन लागलं तर हिरवा रंग फिकट होतो. आणि घाईनं वाळलेल्या पाल्याचं आणखी एक दुखणं असतं: पान कुरकुरीत होतं पण काडी आत ओलीच राहते. वरचा थर इतक्या लवकर सुकतो की आतल्या पाण्याला बाहेर यायची वाट राहत नाही. पोत्यात भरल्यावर तेच पाणी हळूहळू पानांत परत येतं आणि महिनाभरानं पोतं उघडलं की बुरशीचा वास. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हात, वाळलेला मालही पावसाळ्यात बुरशी धरतो तो यामुळे. आयुर्वेदात सुगंधी वनस्पती सावलीत वाळवायला सांगतात, ते मला आता फार अचूक वाटतं.

हळू आणि थंड वाळवण्याबद्दल सगळ्यात बारीक तपशील मला गांजाच्या संदर्भात वाचायला मिळाले. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि तिथले परवानाधारक उत्पादक कापणीनंतरच्या कामावर खूप लक्ष देतात. फुलांचे तुरे अंधाऱ्या खोलीत टांगतात, तापमान १५ ते २० अंश आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवतात, वाऱ्याचा झोत थेट तुऱ्यांवर येऊ देत नाहीत आणि दहा दिवस ते दोन आठवडे थांबतात. त्यानंतर बंद डब्यांत ठेवून रोज थोडा वेळ झाकण उघडतात. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे, त्यामुळे त्या पिकाशी आमचा काही संबंध नाही. पण तैलग्रंथी, उडून जाणारे सुगंधी घटक आणि बुरशीची भीती या तिन्ही गोष्टी तुळशीतही आहेत. (वाचताना एक जुनी गोष्ट कळली. इंग्रज सरकारनं १८९३-९४ मध्ये भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला, तेव्हा मध्य प्रांतात खंडव्याच्या परिसरात परवान्याखाली गांजाची शेती होत होती, आणि त्या प्रांताची राजधानी आपलं नागपूरच होतं.)

त्यांचे आकडे मी जसेच्या तसे घेतले नाहीत. गांजाचा तुरा घट्ट आणि जाड असतो, आतलं पाणी बाहेर यायला त्याला वेळ लागतो. तुळशीचं पान पातळ. ते दहा दिवस ओलसर हवेत ठेवलं तर वाळण्याऐवजी काळं पडतं, कारण तोडलेल्या पानातले विकर (एन्झाइम) पाणी असेपर्यंत काम करतच राहतात. शिवाय नागपुरात मे महिन्यात खोली १८ अंशांवर ठेवायची तर विजेचं बिल मालाच्या किमतीला भिडेल. म्हणून मी ३० अंश आणि ४० टक्के ही जोडी धरली. पानं दोन दिवसांत आणि काड्या तीन-चार दिवसांत होतात, रंग हिरवा राहतो आणि चुरलं की वास नाकात शिरतो.

खोली दहा बाय बारा फुटांची आहे, उंची नऊ फूट. भिंती आणि छत पफ पॅनेलचं, कोल्ड स्टोरेजला वापरतात तेच. एकही खिडकी नाही. दाराला रबराची गॅस्केट. छतावरच्या टिनाच्या आणि पॅनेलच्या मध्ये हवा खेळायला फूटभर जागा सोडली. मे महिन्यात तापलेला टिन थेट पॅनेलला टेकला असता तर एसी दिवसभर नुसता छताशी भांडत बसला असता. आत लोखंडी अँगलचे रॅक, त्यांवर नायलॉन जाळीच्या फ्रेम. रॅक आणि भिंत यांत वीतभर अंतर. दोन भिंतीवरचे पंखे, तोंड भिंतीकडे. वारा भिंतीवर आपटून पसरतो आणि पानं जागची हलत नाहीत.

या खोलीतल्या सगळ्या हवेत, ३० अंश आणि ४० टक्क्यांना, मिळून जेमतेम ३५० मिलिलिटर पाणी असतं. चहाचे तीन-चार कप म्हणा. आणि पाल्यातून निघायचं असतं ३१ लिटर. हा आकडा काढला तेव्हा मला या कामाचं मर्म लक्षात आलं. हवा ही केवळ वाहक आहे. ती पाणी पानाकडून उचलते आणि यंत्राकडे सोडते, पुन्हा उचलते, पुन्हा सोडते. यंत्र जेवढं घेईल तेवढंच पान देऊ शकेल. म्हणून रॅकवर जागा रिकामी दिसली तरी मी त्यात जास्तीचा पाला भरत नाही. कामाला येणाऱ्या मावशींना हे सुरुवातीला अवघड वाटायचं. "ताई, हे दोन खण रिकामे कायले ठेवता?" आता त्या स्वतःच वजन करून थांबतात.

यंत्राबद्दल एक गोष्ट प्रत्येकाला सांगते. डिह्युमिडिफायरवर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून काढणाऱ्या यंत्रावर, "दिवसाला ५० लिटर" असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं. ४० टक्क्यांच्या हवेतून तेच यंत्र त्याच्या निम्म्याहूनही कमी पाणी काढतं. दुकानात हे कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. दुसरं असं की हे यंत्र खोली तापवतं. एक लिटर वाफेचं पाणी झालं की जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता खोलीत सुटते, वर कॉम्प्रेसरची स्वतःची वेगळी. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन्ही लागतात: डिह्युमिडिफायर पाणी ओढायला आणि एसी ती उष्णता बाहेर फेकायला. आमचे फ्रिज-एसीवाले काका म्हणाले होते की नुसत्या एसीवर भागेल, तोही पाणी काढतोच. काढतो खरा, पण खोली ठरलेल्या तापमानाला आली की कॉम्प्रेसर बंद होतो आणि पाणी काढणंही थांबतं. ओला पाला मात्र पाणी सोडतच असतो.

पावसाळ्यातली कापणी हीच सगळ्यात कठीण. जून-जुलैत रोपं लावली की पहिली कापणी साधारण तीन महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या तोंडावर येते. पाऊस जाता जाता दोन सरी देऊन जातोच. फुलोरा आला की तेलाचं प्रमाण चांगलं असतं, त्यामुळे पाऊस आहे म्हणून कापणी फार पुढे ढकलता येत नाही. मामा सकाळी दव उडायची वाट बघतात, पान हाताला कोरडं लागलं की कापायला घेतात. कापलेला पाला ढीग करून ठेवला तर तासा-दोन तासांत आतून गरम लागतो, कारण तोडलेली पानंही श्वास घेत असतात. म्हणून तो क्रेटमध्ये सैल भरून लगेच निघतो आणि इथे पोहोचला की मावशी बसून मातीची, किडीची, पिवळी पानं काढतात. जाळीवर पसरताना थर इतका पातळ की खालची जाळी मधूनमधून दिसायला हवी.

पहिली रात्र माझ्यासाठी बादलीची रात्र असते. डिह्युमिडिफायरची नळी मी बाहेरच्या बादलीत सोडली आहे. पाला नवा असताना बादली झपाट्यानं भरते, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळात अर्धी, आणि काड्या उरल्या की तळाशी थोडंसं पाणी. भिंतीवरच्या मीटरपेक्षा ही बादली मला जास्त विश्वासाची वाटते. मीटर हवेबद्दल सांगतो, बादली पाल्याबद्दल. ते पाणी मी कुलरच्या टाकीत ओतते.

कुलरचा विषय निघालाच आहे. नागपूरकर कुलरशिवाय उन्हाळ्याचा विचारच करू शकत नाही, आणि खोली बघायला येणारे बरेच जण विचारतात की एसीऐवजी कुलर का नाही. वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ताट्यांतून हवा जाते तेव्हा ती थंड होते ती ताटीतलं पाणी उचलूनच. ४५ अंशांची कोरडी हवा कुलरमधून २८ अंशांना बाहेर येते खरी, पण तिची आर्द्रता ६५ टक्क्यांपर्यंत गेलेली असते. माणसाला ती सुखाची, पाल्याला नको. मी कुलर वापरते तो खोलीच्या बाहेर, पडवीत. एसीचं बाहेरचं यंत्र तिथेच आहे आणि त्याला जरा थंड हवा मिळाली की दुपारीही ते दमत नाही. खोलीच्या आत कुलरची हवा येऊ देत नाही.

मीटर तपासायची पद्धत सोपी आहे. स्वयंपाकघरातलं मीठ एका झाकणात घेऊन त्यात थोडं पाणी घालायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवायचं. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ७५ दाखवत असेल तर ठीक, नसेल तर जेवढा फरक तेवढा त्याच्यावर लिहून ठेवायचा. माझ्याकडच्या स्वस्त मीटरांत एकही दुसऱ्याशी जुळत नव्हता. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून फरक लिहिला आहे. आणि मीटर दाराजवळ टांगायचा नाही. तो रॅकच्या मधोमध, खालच्या खणाशी हवा. खालचे खण नेहमी उशिरा वाळतात, म्हणून रोज सकाळी फ्रेम वर-खाली बदलाव्या लागतात.

वीज गेली तर? पावसाळ्यात जातेच. बंद खोलीत ओला पाला असताना आर्द्रता बघता बघता ९० टक्क्यांच्या वर चढते, आणि उबदार, कोंदट, स्थिर हवेत तुळस काळी पडायला एक रात्र पुरते. इन्व्हर्टरवर एसी चालणार नाही, पण पंखे चालतात. पंखे सुरू आणि दार उघडं, एवढं केलं तरी माल वाचतो. बाहेरची हवा ८५ टक्क्यांची असली तरी हलती असते, आणि काही तासांसाठी ते चालून जातं.

खोलीत कोणी पाहुणे आले की दारातच म्हणतात, "अहाहा, काय सुगंध!" मला ते ऐकून काळजी वाटते. जो वास खोलीत आहे तो पानातून निघालेला आहे. तापमान ३५च्या वर गेलं की खोली जास्त घमघमते, तेव्हा मी आधी एसी बघते. पहिल्या दिवशी थोडा दरवळ असणारच, पण तिसऱ्या दिवशी खोली जवळजवळ बिनवासाची आणि चुरलेलं पान तिखट, लवंगेच्या जातीचं लागायला हवं.

झालं की नाही हे काडीवरून कळतं. पान तर आधीच चुरतं. पेन्सिलीएवढी काडी वाकवली आणि ती कट् करून मोडली तर झालं, नुसती वाकली तर अजून एक दिवस. तरीही मी तेवढ्यावर सोडत नाही. काचेची बरणी पाल्यानं भरायची, आत छोटा मीटर ठेवायचा, झाकण लावून रात्रभर थांबायचं. संध्याकाळी ४५ टक्के दाखवणारी बरणी सकाळी ५८ दाखवू शकते, कारण काडीतलं पाणी रात्रभर पानांत उतरतं. सकाळचा आकडा ६० टक्क्यांच्या आत स्थिर असेल तर त्या मालात बुरशीला, जंतूंना वाढायला पुरेसं पाणी नाही. मी ५५च्या खाली आल्याशिवाय पॅक करत नाही. नागपूरच्या पावसाळ्यात पिशवी कितीदा उघडली जाईल याचा नेम नसतो.

बरणीची परीक्षा पास झालेला पाला झाकणाच्या ड्रममध्ये आठवडाभर ठेवते आणि रोज एकदा उघडून, वरखाली करून पुन्हा बंद करते. त्यानंतर पान आणि काडी वेगळी होते. हे काम मावशींच्या हाताचं. यंत्रानं केलं तर पानाचा भुगा होतो आणि व्यापारी भुग्याला पानाचा भाव देत नाहीत.

हिवाळ्याबद्दल सांगायला फार काही नाही, इतका तो सोपा. डिसेंबर-जानेवारीत हवेतलं पाणी आधीच कमी. बाहेरची हवा आत घ्यायची, छोट्या हीटरनं २८-३० अंशांपर्यंत आणायची आणि एक्झॉस्टनं बाहेर सोडायची. आर्द्रता आपोआप ३५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली बसते. डिह्युमिडिफायर तर पहाटेच्या थंडीत चालवूच नये, त्याच्या कॉइलवर बर्फ जमतो. सप्टेंबरच्या मालाला लागणाऱ्या विजेच्या मानानं हा खर्च किरकोळ, आणि रंग सगळ्यात चांगला याच मालाचा. इतवारीतले एक व्यापारी तर आता विचारतात, "थंडीतला आहे का?"

म्हणून मामांनी लागवडीचं गणित बदललं. अर्धी रोपं उशिरा लावायची म्हणजे जास्तीत जास्त पाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हाती येईल, आणि सप्टेंबरची कापणी खोलीच्या दोन खेपांत बसेल एवढीच ठेवायची. मेमध्ये खोली रिकामी राहू नये म्हणून बांधावर गवती चहा लावला आहे. त्याचं पान तुळशीपेक्षा चिवट आणि लांब, ते कापून पसरावं की जुड्या बांधून टांगावं यावर आमच्या घरी सध्या दोन मतं आहेत. मामी टांगायच्या बाजूच्या आहेत. येत्या उन्हाळ्यात अर्धा माल एका पद्धतीनं आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीनं वाळवून दोन्ही पुड्या किराणा ओळीत नेणार आहोत.